पाचव्या दिवसाचा समुद्र

सोलापुरात समुद्र करायचा तर
आधी नळाला पाणी यावं लागतं.
पाचव्या दिवशी, रात्री अडीचला आलं,
ते मी बॅरलभर धरलं,
क्लोरीन उडेस्तोवर उघडं ठेवलं,
मग दर लिटरला पस्तीस ग्रॅम मीठ.
हत्तरकीमामा लाकडी दांड्यानं ढवळतात,
बोट बुडवून चाखतात:
"उप्पु बरोब्बर बसलं बघा, म्याडम."
त्यांच्या कानडीत उप्पु, आमच्या घरच्या तेलुगूतही उप्पु.
एवढा एक शब्द दोन्हीकडून खारट.

नेरीस येतात रत्नागिरीहून, एसटीनं,
थर्माकोलच्या खोक्यात, ओल्या शेवाळात गुंडाळून.
पावतीवर लिहिलेलं असतं: नाशवंत माल.
बोटभर किडे, दोन्ही बाजूंना पायांची झालर,
डोळे चार, पण उजेड-अंधारापुरतेच.
त्यांना जे कळतं
ते पाण्यात विरघळून आलेलं असतं.

माझ्या हातात स्टॉपवॉच.
किडा वाळूवर ठेवायचा
आणि शेपूट दिसेनाशी होईपर्यंत मोजायचं.

एप्रिलच्या सत्तावीसला बाहेर चव्वेचाळीस.
दुपारी वीज गेली ती सहाला आली.
पंप, पंखा, पाणी गार करणारं यंत्र, सगळं मुकं.
खिडकीजवळच्या टाकीतले किडे तापले.
मेले नाहीत, नुसते तापले.
संध्याकाळी मी त्यांचं पाणी काढून घेतलं,
बर्फाच्या लादीवर निववलं
आणि आतल्या खोलीतल्यांना घातलं,
ज्यांना त्या दुपारची झळ लागलीच नव्हती.
तापमान तेच. मीठ तेच. आम्लता दोनदा तपासली, तीही तीच.
त्यांनी वाळूत शिरायला तिप्पट वेळ लावला.
काही तर काठाशी डोकं हलवत राहिले,
तार वाचून झाल्यावर
ती कुठे ठेवायची हे न सुचलेल्या माणसासारखे.

दुसऱ्या दिवशी या घाबरलेल्यांचं पाणी
तिसऱ्या टाकीत.
तिथेही तेच.
मामा म्हणाले, "म्हंजे नुसत्या बातमीनं बी ताप येतोय की."
मी वहीत तक्ता आखला.

माझे वडील, नरसय्या यन्नम,
अक्कलकोट रोडला टॉवेल रंगवायचे.
हैड्रोचा वास त्यांच्याबरोबर घरात शिरायचा,
विझलेल्या काडेपेटीच्या काडीसारखा.
आई म्हणायची, यांच्या सायकलला घंटी कशाला,
वळणावरनंच कळतं.
एका गुरुवारी ते वेळेवर आले,
सायकल भिंतीला टेकवली, चहा मागितला.
शर्टाला कसलाच वास नव्हता.
साबणाचासुद्धा.

कुणी काही विचारलं नाही.
आईनं परातीतलं दोन मुठी पीठ
परत डब्यात टाकलं.
धाकट्यानं सहलीचा कागद घडी करून दप्तरात सरकवला.
मी सातवीतली, वही उघडून
पहिल्याच ओळीवर बसून राहिले,
किती वेळ ते कुणी मोजलं नाही.
कारखान्याला कुलूप पडल्याचं आम्हाला
सोमवारी सांगण्यात आलं.

पुण्याच्या परीक्षकांनी विचारलंय:
नेमका रेणू कोणता?
ठाऊक नाही.
काचेच्या नळ्यांतून गाळून बघतेय, वेगळा होत नाही,
एक काढावा तर बाकीचे त्याच्या हाताला धरून येतात.

परवा पत्र आलं.
अनुदान जूनपर्यंतच, मग मामांच्या पगाराचं बघू.
ते मी टेबलाच्या खणात, तक्त्यांखाली ठेवलंय.
टाकीत हात घालण्याआधी
आता कोपरापर्यंत धुते, दोनदा, कधी तीनदा.
मामांना अजून काही बोललेले नाही.

आज ढवळता ढवळता त्यांनी दांडा थांबवला.
बोट चाखलं. माझ्याकडे पाहिलं.
पुन्हा चाखलं.
"आज उप्पु जास्ती पडलं काय हो?"

मीटर पस्तीसच दाखवत होता.